पुस्तक भिशी: आवडत्या पुस्तकांची देवघेव कशी सुरू करावी आणि कशी टिकवावी

आवडलेले पुस्तक कुणाला तरी सांगावे, असे वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटते. बहुतेक वेळा ही इच्छा एका वाक्यातच विरून जाते. "फार सुंदर पुस्तक आहे, जरूर वाचा," असे आपण म्हणतो, समोरचा "हो, वाचतो ना" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. सांगणाऱ्याला नेमके काय आवडले हे ऐकणाऱ्याला कळलेले नसते, पुस्तक त्याच्या हाती पडलेले नसते आणि वाचून झाल्यावर त्याविषयी बोलायची जागाही ठरलेली नसते. या तिन्ही अडचणी एकाच वेळी सोडवणारी जी पद्धत गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आणि शहरांत रुजली आहे, ती म्हणजे पुस्तक भिशी. सहा वर्षे एका भिशीत राहून आणि त्याआधी एक वाचक गट बंद पडताना पाहून जे उमगले, ते इथे क्रमाने मांडतो आहे, म्हणजे ज्यांना आपल्या सोसायटीत, कार्यालयात किंवा गावात असे काही सुरू करायचे आहे त्यांना अंदाज घेत चाचपडावे लागणार नाही.

आधीचा गट का बंद पडला

आधीच्या गटात आम्ही नऊ जण होतो आणि सगळ्यांनी मिळून दर महिन्याला एकच पुस्तक वाचायचे, असे ठरवले होते. पहिलेच पुस्तक निघाले सहाशे पानांची कादंबरी. तिच्या प्रती तिघांनाच मिळाल्या, दोघांनी अर्ध्यावर सोडली आणि चर्चेच्या दिवशी ज्यांचे वाचून झाले नव्हते ते संकोचाने आलेच नाहीत. तिसऱ्या महिन्यात गट संपला. वाचनाची हौस सगळ्यांना होती, तरी पुस्तक निवडणारा एकच आणि बाकीचे त्याच्या मागून चालणारे, अशी रचना झाल्यामुळे कुणाची स्वतःची आवड बाहेर येण्याला वावच उरला नव्हता. सगळ्यांनी एक पुस्तक वाचण्याच्या पद्धतीला माझा विरोध नाही. अभ्यास म्हणून ती उत्तम आहे. पण ज्यांना एकमेकांच्या आवडी समजून घ्यायच्या आहेत त्यांनी सुरुवात तिच्यापासून करू नये, असे मला अनुभवाने वाटते.

भिशीत नेमके उलट घडते. दर महिन्याला सगळ्यांच्या वर्गणीतून जमलेले पुस्तकांसाठीचे पैसे चिठ्ठी काढून एका सभासदाच्या हाती येतात आणि ते कशावर खर्च करायचे हे तो एकटा ठरवतो. "तुम्हांला काय वाचायला आवडते?" या प्रश्नाला माणसे बहुधा सर्वांना ठाऊक असलेली चार मोठी नावे सांगतात. त्याच माणसांना पुस्तकांच्या दुकानात दोन हजार रुपये देऊन उभे केले, तर ती कोणत्या कपाटाकडे वळतात ते पाहावे. खरी आवड तिथे दिसते.

माणसे जमवताना

सभासद आठ ते बारा असावेत. आठांपेक्षा कमी असले तर दोघे आजारी आणि एक परगावी, अशी वेळ आली की बैठक ओस पडते, आणि बारांपेक्षा जास्त झाले तर प्रत्येकाला बोलायला मिळत नाही. शिवाय बारा सभासद म्हणजे बारा महिने, त्यामुळे एक फेरी बरोबर वर्षात पूर्ण होते.

सारख्या आवडीची माणसे शोधू नयेत. सगळेच ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणारे असतील तर देवघेव होईल, पण कुणाच्याही वाचनात भर पडणार नाही. वयेही मिसळलेली असावीत. आमच्या भिशीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आहे, किराणा दुकान चालवणारे एक जोडपे आहे. दुकान दुपारी दोन ते चार बंद असते आणि त्या वेळात दोघेही गल्ल्यामागे बसून वाचतात. मनुष्य किती वाचतो हे विचारू नये, त्याला वाचायला आवडते एवढे पुरे. मात्र महिन्यातून एकदा दोन तास यायचे आणि पैसे वेळेवर द्यायचे, या दोन गोष्टींना तो तयार आहे का, हे आधी स्पष्ट विचारून घ्यावे, कारण भिशी मोडते ती आवडीनिवडीवरून क्वचित आणि या दोन गोष्टींवरून नेहमी.

पहिल्या बैठकीत आवडत्या पुस्तकांची यादी मागू नये. त्याऐवजी प्रत्येकाने तीन पुस्तकांविषयी बोलावे: लहानपणी पहिल्यांदा स्वतःहून हातात घेतलेले एक, पुन्हा पुन्हा उघडले जाणारे एक आणि अर्ध्यावर सोडलेले एक. तिसरे सर्वांत महत्त्वाचे. पुस्तक का सोडले हे सांगताना माणूस फार मोकळेपणाने बोलतो. भाषा जड वाटली, पात्रे खोटी वाटली, आपल्याच घरातले दुःख समोर आले म्हणून पुढे जाववले नाही, अशी कारणे बाहेर येतात आणि पुढच्या वर्षभरात कुणाला कोणते पुस्तक सुचवायचे याचा अंदाज त्यांतूनच येतो. ही उत्तरे वहीत लिहून ठेवावीत.

पैसे आणि चिठ्ठी

हिशेब सोपा ठेवावा. समजा, सभासद १२ आणि महिन्याची वर्गणी २०० रुपये, तर दरमहा २,४०० रुपये जमतात. पुस्तकाची किंमत सरासरी ३०० रुपये धरली तर आठ पुस्तके येतात, म्हणजे वर्षाला ९६. प्रत्येक सभासदाने वर्षभरात २,४०० रुपये भरलेले असतात, २,४०० रुपयांची पुस्तके त्याच्या मालकीची होतात आणि वाचायला मात्र ९६ मिळतात. विक्रेत्याने सवलत दिली तर आणखी चार-पाच पुस्तकांची भर पडते, आणि एखाद्या दुकानाशी वर्षभराचे बोलून ठेवले तर बहुतेक विक्रेते सवलत देतातच.

बैठकीच्या शेवटी सर्वांसमोर चिठ्ठी काढावी. ज्याचे नाव निघाले त्याची चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकायची नाही, म्हणजे वर्षात प्रत्येकाला एकदाच पाळी येते. कुणाच्या घरी लग्न, परीक्षा किंवा आजारपण असेल तर त्याने आपली पाळी दुसऱ्याशी बदलून घ्यावी आणि ती अदलाबदल वहीत नोंदवावी. पैसे कुणाच्याही खात्यात साठू देऊ नयेत. जमलेली रक्कम त्याच दिवशी विजेत्याला द्यावी आणि पुढच्या बैठकीत त्याने दुकानाची पावती दाखवावी. हा अविश्वास वाटतो, असे पहिल्यांदा काही जण म्हणतात, पण पावती दाखवण्याचा प्रघात पहिल्या महिन्यापासून सर्वांना सारखा लागू केला तर कुणालाच ती टोचत नाही. पाळी येऊन गेल्यावर भिशी सोडायची असेल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी एकरकमी द्यावी लागेल, हा नियमही सुरुवातीलाच तोंडी न ठेवता लिहून घ्यावा.

निवड पूर्णपणे विजेत्याची

या नियमाला अपवाद ठेवू नये. "आपल्या भिशीत ते पुस्तक नाही, तेवढे घ्या ना," अशी विनंतीसुद्धा करू नये, कारण पहिल्या विनंतीला मान दिला की दुसरी येते आणि चार महिन्यांत निवड पुन्हा दोघा-तिघांच्या हाती जाते. विजेत्यावर एकच बंधन असावे: निदान एक पुस्तक असे घ्यायचे, जे त्याने स्वतः अजून वाचलेले नाही आणि ज्याच्या लेखकाचे नावही त्याला पूर्वी माहीत नव्हते. त्यासाठी दुकानात किंवा प्रदर्शनात उभे राहून पाने चाळावी लागतात, आणि चाळण्याची ही सवय घरबसल्या खरेदीमुळे झपाट्याने मोडत चालली आहे.

चाळताना काय पाहावे, हेही सांगतो. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून निर्णय घेऊ नये, कारण तो पुस्तक विकण्यासाठीच लिहिलेला असतो. पहिले पान वाचावे, मग मधले कुठलेही एक पान वाचावे. पहिल्या पानावर लेखकाने कष्ट घेतलेलेच असतात, मधल्या पानावर त्याची रोजची भाषा भेटते. अनुवाद असेल तर अनुवादकाचे नाव कुठे आणि केवढ्या अक्षरांत छापले आहे ते पाहावे आणि एखादा संवाद हळू आवाजात वाचून बघावा. मराठी माणूस तसे बोलेल असे वाटले तर पुस्तक घ्यायला हरकत नाही. आवृत्तीचे पानही उलटून पाहावे. जुन्या पुस्तकाची संक्षिप्त आवृत्ती काही वेळा पूर्ण पुस्तकाच्याच नावाने शेजारी मांडलेली असते.

आमच्या भिशीत एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक काका आहेत. पहिले चार महिने ते गप्प बसून ऐकत. पाचव्या महिन्यात त्यांची चिठ्ठी निघाली आणि त्यांनी तीन पुस्तके पक्ष्यांवरची, एक झाडांवरचे, दोन कवितासंग्रह आणि एक जुन्या रस्त्यांविषयीचे आणले. तीस वर्षे एकाच घाटातून जाताना तारेवर बसणारा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी ते रोज पाहत आले होते. तो कोतवाल, हे त्यांना निवृत्तीनंतर एका पुस्तकातून कळले. पुस्तकातल्या त्या चित्रावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा माझ्या ओळखीचा होता, फक्त नाव विचारायचं राहिलं होतं." त्या बैठकीनंतर पक्ष्यांची तिन्ही पुस्तके वर्षभर कुणा ना कुणाच्या घरीच होती, आणि ज्यांनी आयुष्यात कधी निसर्गविषयक पुस्तक उघडले नव्हते त्यांनीही ती मागून नेली.

पुस्तकाची ओळख करून देणे

भिशीचा प्राण या टप्प्यात आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. आदल्या महिन्याच्या विजेत्याने आणलेल्या पुस्तकांपैकी एकाची ओळख करून द्यायची असते. वेळ सात ते दहा मिनिटांचा ठेवावा आणि घड्याळ समोर असावे. पाच मिनिटांत पुस्तक उघडतही नाही, आणि पंधरा मिनिटे झाली की ओळखीचे व्याख्यान होते.

ओळखीचे तीन सामान्य दोष आढळतात. पहिला, सगळे कथानक सांगून टाकणे. दुसरा, लेखकाचा जन्म, शिक्षण आणि पुरस्कार यांतच वेळ घालवणे. तिसरा सर्वांत मोठा, तो म्हणजे विशेषणांवर भागवणे. "अप्रतिम", "अंतर्मुख करणारे", "संग्राह्य" हे शब्द कुठल्याही पुस्तकाला लागू पडतात, म्हणून त्यांतून एकाही पुस्तकाची ओळख होत नाही. ओळख करून देणाऱ्याने या शब्दांची जणू स्वतःला बंदी घालून घ्यावी आणि त्यांच्या जागी पानावरची गोष्ट सांगावी.

उदाहरणार्थ, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची ओळख करून द्यायची आहे, असे समजू. "मराठीतले श्रेष्ठ आत्मचरित्र" असे म्हणून सुरुवात केली तर ऐकणारे मान डोलावतात, कारण हे त्यांनी शाळेत ऐकलेले असते. त्याऐवजी त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याविषयी लिहिलेल्या सुरुवातीच्या भागातले एक पान मोठ्याने वाचावे. वडिलांच्या त्या टोकाच्या सोवळ्यामुळे सगळ्या घराची जी तारांबळ उडते, ती लक्ष्मीबाई कुठेही तक्रारीचा सूर न लावता, शेजारणीशी बोलावे तशा सांगतात. खोलीत हसू फुटते. हसू ओसरल्यावर मग सांगावे की, हेच घर सोडून सासरी गेलेल्या या बाईचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पुढची काही वर्षे ती त्यांच्यापासून दूर राहिली आणि १९०० साली स्वतः विचार करून त्या धर्मात गेली. सोवळ्याच्या पानावर हसलेल्या माणसाला आता त्या प्रवासाचे अंतर कळते. शेवटी एवढेच जोडावे की त्यांचे शाळेत शिक्षण झालेले नव्हते, पुस्तक १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आले आणि त्याची संक्षिप्त आवृत्तीही मिळते, तेव्हा शक्यतो पूर्ण पुस्तक मिळवून वाचावे. ही ओळख आठ मिनिटांत होते. कथानक उघड झालेले नसते आणि ऐकणाऱ्याच्या कानात लेखिकेचा आवाज राहिलेला असतो.

यावरून तयारीची पद्धत ठरवता येते. पुस्तक वाचताना हाताशी पेन्सिल आणि कागदाच्या बारीक पट्ट्या ठेवाव्यात. जिथे थांबावेसे वाटले तिथे पट्टी घालावी. का थांबलो ते तेव्हाच लिहीत बसू नये, ते नंतर सापडते. वाचून झाल्यावर सगळ्या पट्ट्यांची पाने पुन्हा पाहावीत आणि त्यांतले एकच पान निवडावे. ते मोठ्याने वाचायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागू नये. घरी एकदा आवाज देऊन वाचून पाहावे, म्हणजे कुठे अडखळतो ते कळते. बोलीभाषेतले पुस्तक असेल तर हे विशेष महत्त्वाचे आहे. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी संवाद ज्याची ती घरची भाषा आहे अशा सभासदाकडून वाचून घ्यावेत. तो शेजारी बसलेला असताना आपण त्या बोलीची नक्कल करणे बरे दिसत नाही, आणि खरा उच्चार ऐकला की छापील ओळीत न दिसणारा हेल ऐकू येतो.

पान वाचून झाले की त्या पानाने आपल्याला का थांबवले ते प्रथमपुरुषी सांगावे. "लेखकाने समाजाचे दर्शन घडवले आहे" या वाक्यात बोलणारा कुठेच नसतो. "माझी आजी अशीच चुलीपाशी पाठ करून बसायची आणि आम्ही कधी विचारलं नाही" या वाक्यात तो असतो. आवडीची देवघेव होते ती दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांतून. सगळ्यांनाच असे बोलता येते, फक्त पहिल्या दोन-तीन बैठकांत भिशीतल्या जुन्या वाचकांनी तसे बोलून दाखवावे लागते.

ओळखीच्या अखेरीस पुस्तकाविषयीची एक नापसंतीही जरूर सांगावी. छपाई बारीक आहे, मधली साठ पाने रेंगाळतात, शेवट घाईत उरकला आहे, जे असेल ते. त्यामुळे आवडीवर विश्वास बसतो आणि पुस्तक नेणारा तयारीने वाचतो.

न पटलेल्या पुस्तकाविषयी बोलताना

तीन-चार महिन्यांत अशी वेळ येतेच की एकाने मनापासून आणलेले पुस्तक दुसऱ्याला अजिबात आवडलेले नसते. धर्म, जात, राजकारण किंवा एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असे विषय असतील तर आवाजही चढतात. अशा वेळी बैठक चालवणाऱ्याने एकच प्रश्न विचारावा: "कोणत्या पानावर?" आक्षेप घेणाऱ्याने पुस्तक उघडून तो परिच्छेद वाचावा आणि मग बोलावे. बरेच आक्षेप पुस्तकावर नसून त्याविषयी कुठेतरी ऐकलेल्या गोष्टींवर असतात, आणि पान उघडताच ते गळून पडतात. जे उरतात ते खरे मतभेद असतात आणि त्यांवर अर्धा तास गेला तरी तो कारणी लागतो. शब्दाच्या अर्थावरून वाद झाला तर शब्दकोश उघडावा, संदर्भावरून झाला तर मराठी विश्वकोश पाहावा. विश्वकोश आता मोबाइलवरही वाचता येतो, त्यामुळे वाद पुढच्या महिन्यावर ढकलावा लागत नाही.

कुणाच्या आवडीला हलके लेखू नये, हा नियम मात्र अगदी कठोरपणे पाळावा. रहस्यकथा, पाककृतींची पुस्तके, प्रवासवर्णने, अध्यात्म यांपैकी काहीही आणणारा माणूस एकदा खजील झाला की तो पुढच्या वेळी स्वतःच्या आवडीचे पुस्तक आणत नाही, इतरांना बरे वाटेल असे आणतो. तेव्हापासून भिशीला त्याची आवड कळणे बंद होते.

पुस्तके फिरवणे

यासाठी एक जाड वही आणि एक जबाबदार माणूस लागतो. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक द्यावा, मालकाचे नाव पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहावे आणि नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख व परतीची तारीख वहीत भरावी. एका वेळी एका घरी दोन पुस्तके आणि मुदत एक महिना, म्हणजे पुढच्या बैठकीपर्यंत, एवढे पुरते. ज्या पुस्तकाला मागणी जास्त आहे त्याची प्रतीक्षायादी त्याच वहीत लिहावी. खाकी कागदाचे कव्हर घातले तर पुस्तक वर्षभर टिकते, मात्र सगळी पुस्तके सारखी दिसू लागतात, म्हणून पाठीवर नाव लिहायला विसरू नये. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर पुस्तकांना बुरशीचा त्रास होतो. कपाटात कडुलिंबाचा सुकलेला पाला ठेवावा आणि ऊन पडले की पुस्तके उभी करून सावलीत हवेवर ठेवावीत, थेट उन्हात ठेवू नयेत.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवावा आणि वाचणाऱ्याने परत करताना त्यावर एक-दोन ओळी लिहाव्यात, हा आमच्या भिशीतला सर्वांत समाधान देणारा प्रघात आहे. सहा जणांचे हस्ताक्षर एकाखाली एक वाचताना एकाच पुस्तकाची सहा वेगवेगळी वाचने समोर येतात. पुस्तक हरवले तर नेणाऱ्याने नवी प्रत आणून द्यावी. प्रत बाजारात नसेल तर मालक सांगेल ते दुसरे पुस्तक द्यावे.

पीडीएफविषयी स्पष्ट बोलावे

भिशीचा व्हॉट्सॲप गट झाला की आठवड्याभरात कुणीतरी त्यावर नव्या पुस्तकाची पीडीएफ टाकतो. हेतू चांगला असतो, परंतु त्याने लेखकाचे आणि प्रकाशकाचे थेट नुकसान होते आणि ते कायद्यालाही धरून नाही. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे लेखनाचा स्वामित्वहक्क असतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून २०११ पासून त्यांचे लेखन सर्वांना खुले आहे. अशी खुली झालेली पुष्कळ मराठी पुस्तके विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयात मोफत वाचता येतात आणि ती गटावर निःसंकोच पाठवता येतात. बाकीच्यांच्या बाबतीत "इथे फक्त दुवा, मुखपृष्ठ आणि आवडलेला छोटा उतारा" असा नियम गट तयार करतानाच लिहावा. कुणी चुकून पीडीएफ पाठवली तर त्याला सर्वांसमोर न बोलता खासगी निरोप द्यावा.

ग्रंथालय, दिवाळी अंक आणि भिलार

भिशी सुरू झाली म्हणून गावातल्या ग्रंथालयाचे सभासदत्व सोडू नये. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आणि पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून वाचकांना पुस्तके देत आले आहे. दुर्मीळ आणि आता न छापली जाणारी पुस्तके अशाच ठिकाणी सापडतात. भिशीतल्या दोघांनी तरी ग्रंथालयाचे सभासद असावे आणि ग्रंथपालांना कधीतरी बैठकीला बोलवावे. कोणत्या पुस्तकाला कुठल्या वयाचे वाचक मागणी करतात हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेहमीची चिठ्ठी थांबवून त्या महिन्याच्या पैशांतून दिवाळी अंक घ्यावेत. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेल्या या परंपरेत आज शेकडो अंक निघतात आणि एका घराला ते सगळे घेणे परवडत नाही. बारा सभासदांनी एकेक वेगळा अंक वाचून त्यातला एकच लेख किंवा एकच कथा सुचवायची, असे केले तर डिसेंबरपर्यंत प्रत्येकाकडे बारा निवडक वाचने तयार असतात. चिठ्ठीची फेरी त्यामुळे एका महिन्याने लांबते, तेवढे आधी धरून चालावे.

वर्षातून एकदा सर्वांनी मिळून बाहेर जावे. साताऱ्यातले महाबळेश्वर तालुक्यातले भिलार त्यासाठी अतिशय योग्य आहे. २०१७ च्या मे महिन्यात ते पुस्तकांचे गाव म्हणून सुरू झाले. तिथे घराघरांत विषयवार पुस्तके मांडलेली आहेत आणि ओसरीवर बसून दिवसभर वाचता येते. आम्ही प्रत्येकाने वेगळ्या घरात दोन तास काढायचे आणि दुपारच्या जेवणाला आपण काय वाचले ते सांगायचे, असे ठरवले होते. जेवण तीन वाजेपर्यंत लांबले.

परगावचे आणि परदेशातले सभासद

सभासदांपैकी कुणी बदली होऊन गेले किंवा मुलांकडे परदेशी गेले तर त्यांना सोडू नये. महिन्याआड एक बैठक व्हिडिओ कॉलवर घ्यावी. भारतात रविवारी संध्याकाळी ७ ही वेळ ठेवली तर लंडनला दुपारचे दीड किंवा अडीच आणि न्यूयॉर्कला सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ वाजलेले असतात, म्हणून ती बहुतेकांना सोयीची पडते. परदेशातल्या सभासदाने वर्गणी भरावी, पाळी आल्यावर पुस्तके इथल्या दुकानातून निवडावीत आणि ती इथेच फिरू द्यावीत. वर्षाअखेर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर ती त्याच्याकडे पोहोचवता येतात. व्हिडिओ कॉलवर ओळख सात मिनिटांऐवजी पाच मिनिटांतच संपवावी, कारण तिथे लक्ष लवकर उडते, आणि वाचायच्या पानाचा फोटो आधी गटावर पाठवावा, म्हणजे आवाज तुटला तरी ऐकणाऱ्यांचा धागा सुटत नाही.

फेरी पूर्ण झाल्यावर

शेवटची चिठ्ठी निघाल्यानंतरच्या बैठकीत वही उघडून हिशेब मांडावा: किती पुस्तके आली, सर्वांत जास्त घरी कोणते फिरले, कुठले एकदाही नेले गेले नाही. न नेलेल्या पुस्तकांना त्या दिवशी दुसरी संधी द्यावी. ज्याने ते आणले त्याने त्यातले एक पान वाचावे, आणि कुणाला हवे असेल तर ते घेऊन जावे. त्यानंतर पुस्तके आपापल्या मालकांकडे परत करावीत. ज्यांना ती ठेवायची नसतील त्यांनी जवळच्या शाळेला किंवा ग्रंथालयाला द्यावीत, पण देण्यापूर्वी त्यांना कोणती हवी आहेत ते विचारावे आणि फाटकी पुस्तके देऊ नयेत.

नवी फेरी सुरू करताना पहिल्या बैठकीतली ती तीन उत्तरे पुन्हा काढावीत. आमच्या निवृत्त शिक्षिकांनी पहिल्या वर्षी अर्ध्यावर सोडलेले पुस्तक म्हणून ज्या कादंबरीचे नाव सांगितले होते, ती तिसऱ्या वर्षी किराणा दुकानातल्या ताईंनी आणली. शिक्षिकांनी ती नेली, दोन महिने ठेवली आणि परत करताना मागच्या कागदावर लिहिले, "पान १४२ च्या पुढे जायला सत्तावीस वर्षे लागली. ताई, धन्यवाद."